दोर सैल सोडून मागे चाललेला टग नेमकं काय करत असतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला जाणाऱ्या लाँचमधून तुम्ही एक भलंमोठं कंटेनर जहाज न्हावाशेवाकडे जाताना पाहिलंत. त्याच्यासोबत तीन टग होते, म्हणजे मोठ्या जहाजांना बंदरात हात देणाऱ्या छोट्या पण ताकदवान बोटी: एक पुढे, एक कुशीला, एक मागे. मागचा टग दोर सैल सोडून नुसता जहाजाच्या पाठोपाठ चालला होता. तुम्ही विचारता, जहाजाचं इंजिन साठ-सत्तर हजार हॉर्सपॉवरचं आणि टगचं चार-पाच हजारांचं, मग हा एवढासा टग त्या धुडाला ओढतो कसा? आणि जो ओढतही नाही, त्याचं भाडं कशाला भरायचं?

मुंबई बंदर आणि न्हावाशेवा मिळून माझी सत्तावीस वर्षं टगवर गेली. खलाशी म्हणून चढलो, पुढे परीक्षा देत मास्टर, म्हणजे टगचा कप्तान, झालो. त्या तिघांतला सगळ्यात महत्त्वाचा टग कोणता, असं मला विचाराल तर मी त्या मागच्याकडेच बोट दाखवीन. तिथवर यायला थोडी मागची गोष्ट सांगावी लागेल.

गोंधळ ‘ओढणं’ या शब्दातून होतो. टगचा जन्म ओढण्यासाठीच झाला, हे खरं. १८०३ साली स्कॉटलंडमध्ये विल्यम सिमिंग्टनच्या ‘शार्लट डुंडास’ या वाफेच्या बोटीने सत्तर-सत्तर टनांच्या दोन बार्जेस (सपाट मालबोटी) कालव्यातून, समोरून वारा असताना, सुमारे वीस मैल ओढून ग्लासगोला नेल्या. तेव्हा शिडाच्या जहाजाला वारा पडला की कोणीतरी ओढणारा लागायचाच. आजचं जहाज अर्धी पृथ्वी स्वतःच्या इंजिनावर पार करून येतं. त्याला चालायला कोणाची मदत नको असते. त्याची अडचण बंदरात शिरल्यावर सुरू होते, कारण तिथे त्याला हळू व्हायचं असतं, वळायचं असतं आणि थांबायचं असतं. या तिन्ही गोष्टी मोठ्या जहाजाला एकट्याने नीट जमत नाहीत.

सुकाणूचंच बघा. सुकाणू वळवलं की जहाज वळतं, ते सुकाणूवरून पाणी जोराने वाहत असतं म्हणून. वेग तीन-चार नॉटच्या (एक नॉट म्हणजे तासाला सुमारे १.८५ किलोमीटर) खाली आला की पाण्याचा जोर जातो आणि सुकाणू नुसतं लोखंडाचं पान उरतं. बरं, हळू चालावं म्हटलं तर मोठ्या कंटेनर जहाजाचं इंजिन अगदी कमीत कमी फेऱ्यांवर ठेवलं तरी जहाज सहा-आठ नॉटने पळतं. त्याहून हळू जायचं तर इंजिन बंद करायचं. इंजिन बंद झालं की जहाजाला ढकलणाऱ्या पंख्याचं, म्हणजे प्रोपेलरचं, पाणी थांबतं आणि सुकाणूही गेलं. उलटं चालवायचं तर या इंजिनांना गिअरबॉक्स नसतो. ती पंख्याच्या दांड्याला थेट जोडलेली असतात. म्हणजे इंजिन थांबवायचं आणि कोंडलेली हवा सोडून उलट्या दिशेने पुन्हा सुरू करायचं. हवेच्या टाक्या पुन्हा न भरता बारा वेळा सुरू करता येईल एवढी तरी सोय असावी, असा नियम आहे. घाबरलेल्या माणसाने सुलट-उलट, सुलट-उलट करत बसलं तर हवा संपते. त्यात उलट्या पंख्याचा आणखी एक गुण: पंखा नेहमीच्या उजव्या फिरकीचा असेल तर मागे येताना जहाजाची पिछाडी डावीकडे सरकते आणि तोंड उजवीकडे वळतं, तुम्हाला हवं असो वा नसो.

नाळेजवळ, म्हणजे जहाजाच्या तोंडापाशी, आडवा पंखा असतो, त्याला बो थ्रस्टर म्हणतात. त्याने तोंड सरकवता येतं, पण जहाज पाचेक नॉटने चालत असेल तर त्याचाही फारसा उपयोग होत नाही.

आता तुमच्या ‘एवढासा टग’ या शंकेकडे येऊ. दीड लाख टनांचं जहाज एका नॉटने, म्हणजे सेकंदाला अर्ध्या मीटरने सरकतंय असं धरा. पन्नास टनांनी खेचणाऱ्या एका टगने त्याला मागून धरलं तर सुमारे अडीच मिनिटांत आणि चाळीस मीटरच्या आत ते थांबतं. तेच जहाज दोन नॉटने जात असेल तर वेळ दुप्पट लागतो आणि अंतर चौपट, म्हणजे एकशे साठ मीटर. वजन प्रचंड असलं तरी पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तूला घर्षण फार थोडं. धक्क्याला जहाज स्थिर उभं असेल तर हळूहळू रेटून एक टगही त्याला हलवतो. अडतं ते वेळेवर. अडीच मिनिटं हातात आहेत का, आणि समोर चाळीस मीटर मोकळं पाणी आहे का, एवढंच आम्ही डोक्यात धरून असतो.

वाऱ्याचं गणित याहून कठीण. तीनशे साठ-सत्तर मीटर लांबीचं, डेकवर सात-आठ थर कंटेनर रचलेलं जहाज म्हणजे पाण्यात उभी केलेली भिंत. तिचं वाऱ्याला अडणारं अंग साधारण तेरा हजार चौरस मीटर. कुशीवर वीस नॉटचा वारा लागला तर त्या भिंतीवर सुमारे ऐंशी टनांचा रेटा येतो. वारा तीस नॉट झाला तर रेटा दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो, म्हणजे एकशे ऐंशी टनांच्या घरात जातो. डिसेंबरच्या पहाटे जमिनीवरून येणारा मतलई वारा अंगावर घेत जे जहाज दोन टगनी अलगद लावलं, तेच जहाज जुलैच्या झडीत चार टगनाही ऐकत नाही, ते यामुळे.

आणि पाणी. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, आणि ते सगळं पाणी खाडीतून सहा तासांत आत येतं नि सहा तासांत बाहेर जातं. ओढ दोन-अडीच नॉटपर्यंत जाते. पाणी हवेच्या आठशेपट जड, म्हणून एक नॉटची पाण्याची ओढ साधारण तीस नॉटच्या वाऱ्याइतकी, असा आमचा ठोकताळा आहे. शिवाय जहाजाच्या तळाखाली पाणी थोडं उरलं असेल तर ओढ तळाखालून निघून जायला जागा मिळत नाही. कुशीवर येणारा जोर खोल पाण्याच्या मानाने तिपटीपर्यंत जातो. म्हणून भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवशीचा अंदाज उधाणाला लावायचा नसतो, आणि शक्य असेल तिथे पायलट, म्हणजे जहाज बंदरात आणणारे वाटाडे, पाणी फिरायच्या वेळेलाच जहाज धक्क्याला लावतात.

तेव्हा जहाजाचं इंजिन मोठं असलं तरी त्याचा जोर फक्त पुढे किंवा मागे लागतो. बंदरात जोर हवा असतो आडवा, आणि तोही वेगाशिवाय. तो टगकडे असतो.

म्हणून टगची किंमत हॉर्सपॉवरवर करत नाहीत, ‘बोलार्ड पुल’वर करतात. टगला लांब दोराने किनाऱ्यावरच्या भक्कम खुंटाला बांधायचं, मध्ये ताण मोजणारं यंत्र लावायचं आणि शांत पाण्यात इंजिन पूर्ण सोडायचं. काही मिनिटं टिकून राहणारा ताण म्हणजे बोलार्ड पुल. आपल्याकडच्या बंदरांत आज पन्नास-साठ टनांचे टग सर्रास आहेत. पन्नास टनांना साधारण चार हजार हॉर्सपॉवर लागतात.

पण नुसते टनही पुरेसे नाहीत. मी टगवर चढलो तेव्हा जुन्या टगना एक स्थिर पंखा आणि सुकाणू होतं, म्हणजे लहान जहाजच. दिशा बदलायची तर टगलाच वळसा घालावा लागे. आताच्या टगच्या पिछाडीखाली दोन पंखे असतात आणि दोन्ही स्वतःभोवती पूर्ण फिरतात. जर्मनीत योझेफ बेकर यांनी १९५० साली हा फिरता पंखा बनवला. दुसरा प्रकार फॉइथ-श्नायडरचा, त्यात टगच्या पोटाखाली उभी पाती गोल फिरतात. या यंत्रांमुळे टग जागच्या जागी फिरतो, आडवा सरकतो, आणि पूर्ण पुढे ते पूर्ण मागे काही सेकंदांत करतो. दोन्ही हातांत दोन मुठी असतात, प्रत्येक मूठ एका पंख्याची. नवशिक्याला सुरुवातीचे महिने मूठ आणि टग यांचा मेळच लागत नाही. एकदा हाताला लागलं की मग विचार करावा लागत नाही.

तुम्ही पाहिलेल्या तीन टगकडे येऊ. कुशीचा टग जहाजाला टेकून ढकलतो. तुमच्या लक्षात आलं असेल, जहाजाच्या कुशीवर पांढऱ्या रंगात ‘टग’ अशी इंग्रजी अक्षरं आणि बाण रंगवलेला असतो. तिथे आतून लोखंडी फासळ्या भक्कम असतात. तिथेच नाक टेकायचं. दोन हात इकडेतिकडे टेकलं तर पत्रा आत जातो. शेवटच्या दहा मीटरमध्ये जहाज धक्क्याकडे सेकंदाला चार बोटं सरकावं असं आम्ही बघतो. एवढ्या हळू की धक्क्यावर उभ्या माणसाला ते सरकतंय हे कळूही नये. याहून वेगाने लागलं तर धक्क्याचे रबरी फेंडर आणि जहाजाचा पत्रा, दोघांपैकी कोणीतरी मोडतं.

पुढचा टग नाळेला बांधलेला असतो आणि तो उलटा चालत असतो, हे कदाचित तुम्हाला दुरून कळलं नसेल. त्याचं तोंड जहाजाकडे असतं. दोर त्याच्या पुढच्या विंचवरून, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्रावरून, जातो आणि तो पाठीमागच्या बाजूने पाणी कापत जातो. त्याच्या संकटांविषयी पुढे सांगतो.

आणि मागचा. गणपती विसर्जनाला मोठ्या मंडळाची ट्रॉली उतारावरून नेताना तुम्ही पाहिली असेल. पुढे ढोलताशे असतात, गर्दी असते. पण ट्रॉलीच्या मागे दहा-वीस जण दोर धरून मुकाट चालत असतात. ते काही ओढत नाहीत. दोर त्यांच्या हातात सैलच असतो. पण ट्रॉलीने उतारावर वेग धरला की त्या क्षणी तेच टाचा रोवतात. मागचा टग तेच काम करतो. जहाजाच्या पिछाडीला मधोमध दोर बांधलेला, टगचं तोंड जहाजाकडे, आणि पंखे मागे फिरवायला हात तयार. त्याने दोर ताणूनच ठेवला तर तो जहाजाला विनाकारण मागे खेचत राहील, पायलटला इंजिन वाढवावं लागेल आणि आपणच आपल्याशी भांडत बसू. म्हणून दोराला थोडं पोट ठेवायचं. फार सैलही नाही, कारण दोर पाण्यात बुडून आपल्याच पंख्यात गेला तर खेळ संपला. जहाजाच्या वेगाशी वेग जुळवत तेवढंच पोट वीस-तीस मिनिटं राखणं हे लाँचमधून ‘काही न करणं’ दिसतं. केबिनमधल्या मास्टरला मात्र त्या वेळात पाणी प्यायलाही हात मोकळा नसतो.

माझ्या बाबतीत घडलेला एक प्रसंग सांगतो. तेल भरलेला टँकर घेऊन आम्ही आत चाललो होतो. जहाज आणि भरलेला माल मिळून ऐंशी हजार टन. माझा टग मागे बांधलेला, वेग चार नॉटच्या आसपास. संध्याकाळची वेळ. टँकरच्या पिछाडीवरचे दिवे मला समोर दिसत होते. ते एकदम गेले. इंजिनाची घरघर, जी आपण ऐकतोय हेही एरवी लक्षात येत नाही, तीही थांबली. पायलटसाहेब वॉकीटॉकीवर बोलायच्या आधीच मला कळलं होतं. “आफ्ट टग, ब्लॅकआउट आहे. सावकाश वेट घ्या, मग फुल अस्टर्न.” म्हणजे मागच्या टगने आधी हळूहळू ताण घ्यायचा, मग पूर्ण जोराने मागे खेचायचं. मी तेच शब्द परत बोललो. आमच्या कामात हुकूम तसाच्या तसा परत बोलायचा असतो, नुसतं ‘ओके’ म्हणायचं नाही. मग मुठी हळूहळू फिरवल्या. इथे घाई केली तर सैल दोर झटक्याने ताणतो आणि तुटतो. दोर पाण्यातून वर आला, त्यातून पाणी पिळल्यासारखं निथळलं, आणि ताण दाखवणारा आकडा चढू लागला: बारा, वीस, पस्तीस, पंचेचाळीस. टगचं नाक खाली दबलं, पंख्यांचं पाणी दोन्ही कुशींनी उकळत पुढे आलं. आमचे सारंग (खलाशांचे मुकादम), दापोलीकडचे, केबिनच्या आडोशाला उभे राहून फक्त त्या दोराकडे बघत होते.

टँकर थांबायला सहा मिनिटांच्या वर वेळ गेला आणि पावणेचारशे मीटर अंतर. तोवर पुढच्या टगने त्याचं तोंड खोल पाण्याच्या बाजूला धरून ठेवलं. दिवे आले, इंजिन सुरू झालं, तासाभराने तो व्यवस्थित धक्क्याला लागला. कुठे बातमी आली नाही, यायचं कारणही नव्हतं. पण माझा टग मागे बांधलेला नसता, नुसता जवळपास असता, तर? जवळ जायचं, वर दोर द्यायचा, वरच्या लोकांनी तो खुंटावर घालायचा, यालाच दहा मिनिटं लागतात. तेही वरचे लोक जागेवर असतील तर, आणि ब्लॅकआउटमध्ये त्यांचा विंच चालेलच असं नाही.

याच मुद्द्यावर बाल्टिमोरची गोष्ट सांगायला हवी. २६ मार्च २०२४ च्या पहाटे ‘डाली’ हे तीनशे मीटर लांबीचं कंटेनर जहाज, ज्यावर बहुतेक खलाशी आपले भारतीय होते, धक्का सोडून निघालं. दोन टगनी त्याला धक्क्यापासून बाहेर काढलं आणि नेहमीच्या रिवाजाप्रमाणे ते सुटून गेले. थोड्या वेळाने जहाजाची वीज गेली. पायलटने टग परत बोलावला, पण अंतर कापायला वेळच उरला नव्हता. फ्रान्सिस स्कॉट की पूल कोसळला आणि पुलावर काम करणारे सहा मजूर गेले. टग बांधलेला असता तर पूल नक्की वाचला असता, असं मी म्हणणार नाही. त्या वेगात, त्या अंतरात, एका-दोन टगनी किती फरक पडला असता हे कितीतरी गोष्टींवर अवलंबून आहे. पण दूरच्या टगचा उपयोग शून्य होता, हे सगळ्यांनी पाहिलं. अमेरिकेनेच १९८९ च्या ‘एक्सॉन वाल्डेझ’ टँकरच्या तेलगळतीनंतर पुढच्या वर्षी कायदा करून अलास्काच्या त्या आखातात भरलेल्या टँकरबरोबर दोन टग सक्तीचे केले होते. अशा कामासाठी खास बांधलेले टग आठ-दहा नॉटच्या वेगात स्वतःचं अंग पाण्याला तिरकं धरून ब्रेक लावतात. तेव्हा दोरावर येणारा जोर त्यांच्या बोलार्ड पुलपेक्षाही जास्त असतो, कारण तो इंजिनातून नव्हे, वाहत्या पाण्यातून काढलेला असतो. आपला साधा बंदरातला टग हे करू शकत नाही आणि त्याने करूही नये.

का करू नये, ते सांगताना टगच्या धोक्यावर यावं लागतं. तुम्ही विचारलं नव्हतं, पण टगविषयी बोलायचं आणि हे गाळायचं, हे मला जमणार नाही.

नाळेला दोर देण्याची वेळ सगळ्यात वाईट. वर बघितलं तर जहाजाचा पत्रा छत्रीसारखा डोक्यावर आलेला असतो, नांगर टांगलेला दिसतो, वरून एक माणूस वाकून पातळ दोरी खाली फेकतो. आपल्या खलाशाने ती पकडायची, आपल्या दोरीला बांधायची, मग वरचे लोक तिच्यामागून जाड दोर ओढून घेतात. हे सगळं होईतो टगने त्या चालत्या भिंतीपुढे चार-पाच मीटरवर राहायचं. पाण्याखाली जहाजाच्या नाळेचा बल्ब, म्हणजे पुढे आलेला फुगवटा, असतो, तो दिसत नाही, वर फक्त फेसाची एक रेघ असते. नाळेजवळचं पाणी टगला दूर ढकलतं, थोडं मागे खांद्यापाशी गेलात की तेच पाणी आत खेचतं, आणि टगचं तोंड फिरून तो जहाजाच्या आडवा येऊ शकतो. हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. सहा नॉटऐवजी आठ नॉट असेल तर पावणेदोनपट. म्हणून वेग जास्त असला तर मी जवळ जात नाही. “साहेब, आधी सहाच्या खाली या, मग येतो,” एवढं स्पष्ट सांगतो. तरुण मास्टरांना हे सांगायला संकोच वाटतो. माझ्या हाताखाली जे शिकले त्यांना मी हेच पहिलं शिकवलं.

दुसरा धोका दोर आडवा येण्याचा. टगला दोराने त्याच्या लांबीच्या दिशेत खेचलं तर तो सहन करतो. पण जहाज टगला मागे टाकून पुढे गेलं आणि दोर टगच्या कुशीला काटकोनात आला, तर जहाज टगला आडवं ओढतं. टग कलतो, डेक पाण्याखाली जातो, आणि दरवाजे उघडे असतील तर पाणी आत. काही सेकंदांत टग पालथा. १९ डिसेंबर २००७ ला स्कॉटलंडच्या क्लाइड नदीत दाट धुक्यात ‘फ्लाइंग फँटम’ हा टग असाच गेला. चौघांपैकी तिघे बुडाले. विंचवर दोर झटक्यात सोडायचं बटण असतं. पण मास्टरला संकट ओळखायलाच उशीर झाला तर बटण असून उपयोग नाही. दोर बांधलेला असताना पाण्याच्या बाजूचे दरवाजे बंद हवेत, हा माझ्या टगवरचा पक्का नियम होता, मग मे महिन्याचा उकाडा का असेना.

आणि खुद्द दोर. पूर्वी तारेचा जाड दोर असायचा, चार माणसांना उचलत नसे. आता खास धाग्याचा दोर असतो. मनगटाएवढा जाड, तारेच्या आठव्या हिश्शाएवढा हलका, पाण्यावर तरंगणारा, तरी तीनशे टनांच्या आसपास ताण घेणारा. त्याची काळजी मात्र पोरासारखी घ्यावी लागते. उन्हाने, मिठाने, जहाजाच्या गंजक्या फेअरलीडवर (दोर बाहेर काढायच्या लोखंडी खाचेवर) घासून धागे आतून जातात. आणखी एक गोष्ट बाहेरच्या लोकांना माहीत नसते. टगचा जोर साठ टन असला तरी जहाजावरचा खुंट तेवढा भार घेईल याची खात्री नसते. खुंटाशेजारी भार रंगवलेला असतो. तो वरच्यांना विचारून मगच पूर्ण जोर लावायचा. मी खलाशी असताना माझे पहिले मास्टर म्हणायचे, “बाळा, ताणलेल्या दोराला पाठ दाखवायची नाही आणि त्याच्यावरून उडीही मारायची नाही.” दोर तुटून परत येतो तेव्हा डोळ्याला दिसत नाही.

तुमच्या भाड्याच्या प्रश्नाचं उत्तर आता सोपं होईल. किती टग घ्यायचे याला एक आकडा नाही. बंदराचा किमान नियम असतो, त्यावर पायलट ठरवतो. जहाजाची लांबी, रिकामं की भरलेलं, बो थ्रस्टर चालू आहे का, वारा, उधाण की भांग, रात्र की दिवस, धक्क्याच्या मागेपुढे दुसरी जहाजं किती जवळ बांधलेली आहेत, इंजिनाची काही तक्रार लिहिलेली आहे का. शांत दिवशी थ्रस्टरवालं मध्यम जहाज एका टगनेही लागतं. जहाजाच्या कंपनीला टग वाचवला की पैसा वाचतो, म्हणून कधीकधी ‘एक कमी चालेल का’ असं विचारलं जातं. चालेलही. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा तिसरा टग नुसता मागे चालून परत येतो. मी मात्र ऐंशी हजार टनांचा टँकर अंधारात थांबताना पाहिलेला माणूस आहे. मला विचाराल तर भरलेल्या टँकरच्या मागचा टग सोडू नका.

सगळ्या टगना मी एकाच मापाने मोजतोय असंही वाटू नये. उघड्या समुद्रात ओढणं हे वेगळंच शास्त्र. तिथे टग आणि ओढलेलं जहाज यांच्यात शेकडो मीटर तार सोडतात. तिचं वजन तिला पाण्यात खोल पोट देतं आणि ते पोटच लाटांचे धक्के पचवतं. तार तुटली की मागचं जहाज अनाथ. मुंबईकरांनी हे डोळ्यांनी पाहिलंय. जून २०११ मध्ये भंगारासाठी कोलंबोहून अलंगला ओढून नेलं जाणारं ‘एमव्ही विस्डम’ दोर तुटून सुटलं आणि जुहूच्या किनाऱ्याला लागलं. मे २०२१ च्या तौक्ते वादळात ‘पी ३०५’ बार्जबरोबर ‘वरप्रदा’ नावाचा टगही बुडाला. तेरा जणांपैकी दोघेच परत आले. आमच्या धंद्यात त्या दिवसाची आठवण निघाली की अजून सगळे गप्प होतात. त्याच वर्षी मार्चमध्ये सुएझला अडकलेलं ‘एव्हर गिव्हन’ सगळ्या जगाने पाहिलं. तिथे मात्र तुम्ही म्हणता तसं खरंखुरं ओढणं होतं. दोनशे पंचाऐंशी टन ताकदीचा समुद्री टग आला तरी आधी नाळेखालची वाळू उपसावी लागली आणि पौर्णिमेच्या उधाणाची वाट बघावी लागली. रुतलेलं जहाज एकट्या टगच्या जोरावर सुटत नाही.

जाताजाता, टगचं इंजिन दिवसातला बराच वेळ नुसतं घरघरत असतं आणि पूर्ण ताकद काही मिनिटंच लागते. म्हणूनच बॅटरीवर चालणारा टग ही कल्पना जमणारी आहे. न्यूझीलंडच्या ऑकलंड बंदरात २०२२ पासून सत्तर टन ताकदीचा ‘स्पार्की’ चालतो. आपल्या सरकारनेही २०२४ मध्ये हरित टगची योजना सुरू केली आणि पहिल्या टप्प्यात न्हावाशेवाचं बंदरही आहे. मी त्यावर काम केलेलं नाही, पण विजेची मोटर लगेच पूर्ण जोर देते. मागे बांधलेल्या टगला हवा असतो तो नेमका हाच गुण.

पुढच्या वेळी मोऱ्याला जाल तेव्हा लाँचच्या डाव्या-उजव्या बाजूला नीट बघा. मागच्या टगच्या दोराचं पोट कमी होताना दिसलं आणि त्याच्या दोन्ही कुशींनी पांढरं पाणी पुढच्या बाजूला येताना दिसलं, तर समजा वरून हुकूम आलाय. पुढच्या डेककडेही नजर टाका. विंचजवळ कोणी उभं नसेल, सगळे आडोशाला गेले असतील, तर तो टग चांगल्या मास्टरच्या हातात आहे.